आता घ्यावं की थांबावं? घरातल्या नव्या तंत्रज्ञानाच्या हिशोबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंखा, एसी, विजेवरची स्कूटर, छतावरचं सोलर, इंडक्शन. वस्तूंची नावं बदलत राहतात, शंका बहुधा एकच असते: नवं आलंय, घेऊ की थांबू? खाली "समजा" म्हणून धरलेले भाव आणि वीजदर फक्त हिशोब दाखवण्यापुरते आहेत. दर बदलत असतात आणि मुंबईत तर ते कंपनीगणिक वेगळे आहेत. म्हणून तुमचं शेवटचं वीजबिल आणि दुकानातला आजचा भाव समोर ठेवून तोच हिशोब पुन्हा मांडा.

१. नवी वस्तू महाग वाटते. ती परवडते की नाही, हे कसं ठरवायचं?

नव्या-जुन्या वस्तूच्या भावातला फरक काढा आणि त्याला वर्षाच्या बचतीने भागा. उत्तर जितकं येईल तितक्या वर्षांत पैसे वसूल. अवघड भाग भागाकाराचा नसतो. वर्षाची बचत तुमच्या वापरावर ठरते आणि लोक नेमकं तेच मोजत नाहीत.

साधा छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट वीज घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या डीसी मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट. म्हणजे ४५ वॅटचा फरक. दिवाणखान्यातला पंखा रोज १२ तास, वर्षात ३०० दिवस चालत असेल तर १६२ युनिट वाचतात. समजा युनिट १० रुपये, तर वर्षाला १,६२० रुपये. दोन पंख्यांच्या भावात १,५०० रुपयांचा फरक असेल तर तो वर्षाच्या आत निघतो.

आता तोच पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावा. तिथे तो सरासरी रोज तासभर चालतो. बचत १३.५ युनिट, म्हणजे १३५ रुपये, आणि वसुलीला ११ वर्षं. वस्तू तीच, भाव तोच, घरही तेच. म्हणून "बीएलडीसी पंखा परवडतो का?" या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणत्या खोलीत, ते आधी सांगा.

२. वीजबिलातला नेमका कोणता दर धरायचा? एकूण बिल भागिले युनिट केलं तर चालेल का?

चालणार नाही, कारण त्या सरासरीत स्थिर आकारही येतो. वापर कमी झाला म्हणून स्थिर आकार कमी होत नाही. दुसरं कारण टप्प्यांचं. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, आणि वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यातून वाचतं. महिन्याला ३४० युनिट वापरणाऱ्या घराने ४० युनिट वाचवले तर ते सगळे ३०० च्या वरचे, म्हणजे महागडे युनिट असतात.

बिलात तुमच्या वरच्या टप्प्याचा ऊर्जा आकार शोधा, त्यात वहन आकार आणि इंधन समायोजन आकार मिळवा, आणि बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क चढवा. समजा ऊर्जा आकार ११ आणि वहन आकार दीड रुपया असेल, तर वाचलेल्या युनिटची किंमत साडेचौदा रुपये होते.

एक गैरसमज इथेच दूर करू. ३०१ वं युनिट जळलं की सगळे ३०१ युनिट वरच्या दराने लागत नाहीत. महाग पडतं ते फक्त वरचं एक युनिट.

३. भाव दरवर्षी उतरतातच. मग आणखी एक वर्ष थांबलं तर काय बिघडलं?

थांबण्यालाही खर्च असतो, फक्त त्याची पावती मिळत नाही. थांबलेल्या काळात न झालेली बचत हाच तो खर्च. तिची तुलना दोन गोष्टींच्या बेरजेशी करा: भाव किती उतरेल, आणि हातात राहिलेल्या पैशावर किती व्याज मिळेल.

एलईडी दिव्याचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. सरकारी खरेदीत एका दिव्याचा भाव २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होता आणि २०१६ मध्ये तो ३८ रुपयांपर्यंत उतरला. उजाला योजनेतून देशभर ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. भाव आठव्या हिश्श्यावर आला म्हटल्यावर थांबणारा शहाणा ठरला असं वाटेल. हिशोब करून पाहू.

६० वॅटच्या गोळ्याच्या जागी ९ वॅटचा एलईडी लावला की ५१ वॅट वाचतात. स्वयंपाकघरात दिवा रोज ६ तास जळतो, म्हणजे वर्षाला सुमारे ११२ युनिट. समजा त्या वेळचा दर ५ रुपये, तर ५६० रुपये. दोन वर्षं थांबणाऱ्याने दिव्याच्या भावात २७२ रुपये वाचवले आणि विजेत १,१२० रुपये घालवले.

न्हाणीघरातला दिवा मात्र रोज अर्धाच तास लागतो. तिथे वर्षाची बचत ४६ रुपये. दोन वर्षांत ९२ रुपये गेले आणि २७२ वाचले. तिथे थांबणंच बरोबर होतं.

भाव किती झपाट्याने उतरतोय याकडे लोकांचं जितकं लक्ष असतं, तितकं ती वस्तू रोज किती तास चालणार याकडे नसतं. जास्त वापर असेल तर उतरत्या भावातही लवकर घ्या. कमी वापर असेल तर खुशाल थांबा.

४. भाव उतरतो तो का? आणि कुठवर उतरेल, याचा काही अंदाज बांधता येतो का?

टी. पी. राइट या अमेरिकी अभियंत्याने १९३६ मध्ये विमानांच्या उत्पादनाबद्दल एक निरीक्षण मांडलं: एकूण उत्पादन दुप्पट झालं की एका विमानाला लागणारं श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतं. सोलर पॅनलचा भावही दर दुपटीला साधारण तेवढाच उतरत आला आहे. बॅटरीचंही तसंच. २०१० च्या सुमारास लिथियम बॅटरी एका किलोवॅट-तासाला (म्हणजे एक युनिट वीज साठवण्याच्या क्षमतेला) हजार डॉलरहून महाग होती, २०२४ मध्ये तो भाव ११५ डॉलरवर आला.

भाव वर्षं उलटली म्हणून उतरत नाही. तो दुपटीवर उतरतो. नव्या वस्तूचं उत्पादन सुरुवातीला वर्षा-दोन वर्षांत दुप्पट होतं, म्हणून भाव कोसळल्यासारखा वाटतो. पुढे एकूण उत्पादन इतकं मोठं होतं की दुपटीला दहा वर्षं लागतात आणि घसरण मंदावते.

शिवाय वस्तूचा प्रत्येक भाग उतरत नाही. छतावरच्या सोलरमध्ये पॅनल स्वस्त होतात, पण लोखंडी सांगाडा, तांब्याची केबल, अर्थिंग आणि बसवणाऱ्याची मजुरी उतरत नाही, उलट चढते. आता एकूण खर्चात पॅनलचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा कमी असतो. "पॅनल अजून स्वस्त होतील" म्हणून थांबणाऱ्याने ही घट कोटेशनमधल्या कोणत्या ओळीला लागू होते ते पाहावं.

५. विजेवरची स्कूटर रोज किती चालली तर परवडते?

समजा पेट्रोल १०५ रुपये आणि स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते, तर किलोमीटरला २ रुपये ३३ पैसे. विजेवरच्या स्कूटरला चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.०३८ युनिट धरा. १० रुपये दराने ३८ पैसे. फरक साधारण १ रुपया ९५ पैसे.

रोज ३० किलोमीटर आणि वर्षात ३०० दिवस चालवणाऱ्याचे वर्षाला साडेसतरा हजार वाचतात. ऑन-रोड भावातला फरक २५ हजार असेल तर दीड वर्षात वसूल. घरातून भाजीबाजार आणि शाळा, दिवसाला ८ किलोमीटर, असा वापर असेल तर वर्षाला ४,७०० रुपये वाचतात आणि वसुलीला सव्वापाच वर्षं लागतात. तेवढ्यात बॅटरीची वॉरंटी संपत आलेली असू शकते, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या घराने घाई करू नये. ऑइल बदलणं वाचतं, पण टायर, ब्रेक आणि विमा दोन्हीकडे आहेतच.

हिशोब तीन ठिकाणी हमखास चुकतो. कंपनीने सांगितलेलं अंतर प्रत्यक्षात मिळत नाही. त्याच्या पाऊण भाग धरा, मागे माणूस बसवून घाट चढणार असाल तर आणखी कमी. दुसरं, घरचं चार्जिंग तुमच्या वरच्या टप्प्यात जातं, म्हणून दर प्रश्न २ प्रमाणे काढा. तिसरं, पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लग लागतो. तो ओढून घ्यायला वायरीच्या लांबीप्रमाणे काही हजार जातात, आणि ते कोटेशनमध्ये नसतात. चौथ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळवणं हा पर्याय नाही. तासन् तास भार राहिला की तो बोर्ड वितळतो.

६. जुनं अजून नीट चालतंय. ते काढून नवं घ्यावं का?

हा प्रश्न १ पेक्षा वेगळा हिशोब आहे. खरेदी करायचीच असेल तर दोन वस्तूंच्या भावातला फरक मोजतात. जुनं चालू असताना मात्र नव्याचा पूर्ण भाव मोजायचा आणि जुन्याची जी काही किंमत येईल ती वजा करायची.

दिवाणखान्यातला पंखा घ्या. नवा ३,००० रुपये, जुन्याचे भंगारात २०० आले, निव्वळ खर्च २,८००. बचत १,६२० असेल तर पावणेदोन वर्षांत वसूल, म्हणजे चालू पंखा काढणंही परवडतं. स्कूटरचं तसं नाही. १ लाख १० हजारांची नवी घेऊन जुनीचे ४० हजार आले तर ७० हजार गुंतले. रोज ३० किलोमीटरवाल्यालाही चार वर्षं लागतात. जुनी स्कूटर मोठ्या दुरुस्तीला येईल तोवर थांबा. इंजिनच्या कामाचा १५ हजारांचा अंदाज हातात आला की हिशोब पुन्हा करा, कारण ते १५ हजार आता वाचणार आहेत.

"जुन्यात एवढे पैसे घातलेत" हा मुद्दा दोन्ही बाजूंनी गैरलागू. ते पैसे गेले. जुनं आज विकलं तर किती येतील, एवढंच मोजा.

७. अनुदान संपणार म्हणतात. घाई करू का?

अनुदान जाणार असेल तर ती रक्कम प्रश्न ३ मधल्या हिशोबात "भाव किती उतरेल" यातून वजा करा. उत्तर उणे आलं तर आत्ता घ्या. फक्त "शेवटचे ४ दिवस" या पाटीवर जाऊ नका.

दुचाकींचा इतिहास पाहा. विजेवरच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जून २०२१ पासून किलोवॅट-तासाला १५ हजार रुपये, वाहनाच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत अनुदान होतं. १ जून २०२३ पासून ते १० हजार रुपये आणि १५ टक्क्यांवर आलं. परिणाम असा की मे २०२३ मध्ये लाखाहून जास्त गाड्या खपल्या आणि जूनमध्ये जेमतेम ४६ हजार. जूनचं बरंच गिऱ्हाईक मेमध्येच येऊन गेलं होतं. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं: कंपन्यांनी छोट्या बॅटरीची स्वस्त मॉडेलं आणली आणि अनुदानातल्या कपातीचा काही भाग स्वतः सोसला. ऑक्टोबर २०२४ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह ही नवी अनुदान योजना आली तेव्हा आकडा किलोवॅट-तासाला ५ हजारांवर, आणि पुढच्या वर्षी त्याच्याही निम्म्यावर गेला. विक्री थांबली नाही.

अनुदान तुमच्या नावाने जाहीर होतं, पण ते कोणाच्या खिशात राहतं हे बाजारावर ठरतं. माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असेल तर विक्रेता मूळ भाव चढवतो आणि अनुदानाचा तुकडा त्याच्याकडे जातो. म्हणून अनुदानाआधीचा भाव दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी घ्या.

८. छतावरचं सोलर कोणाला परवडतं आणि कोणाला नाही?

पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. १ किलोवॅटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि रोज सरासरी ४ युनिट मिळतात. पावसाळ्यात खूप कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त.

महिन्याला ३५० युनिटचं घर: समजा ३ किलोवॅटचे १ लाख ८० हजार, अनुदान वजा जाता १ लाख २ हजार. महिन्याला ३३० युनिट वाचले आणि सरासरी १० रुपये धरले तर ३,३०० रुपये. पावणेतीन वर्षांच्या आत वसूल.

महिन्याला ९० युनिटचं घर: समजा १ किलोवॅटचे ७० हजार, निव्वळ ४० हजार. वाचणारे सगळे युनिट खालच्या टप्प्यातले. ६ रुपयांनी महिन्याला ५४० रुपये, वसुलीला सहा वर्षांहून जास्त. हा व्यवहार वाईट नाही, पण त्यासाठी कर्ज काढू नये.

सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे "जागा आहे तर मोठंच बसवू". नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तुम्ही कंपनीला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण आर्थिक वर्षाअखेरीस, मार्चमध्ये, उरलेल्या युनिटांना फार कमी दर मिळतो. मागच्या १२ महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा, १,४०० ने भागा, आणि येईल तेवढेच किलोवॅट बसवा. पुढे विजेवरची स्कूटर किंवा एसी घ्यायचं पक्कं असेल तर ते युनिट आधीच मिळवा.

९. फायदा इतका उघड असेल तर लोक आधीच का घेत नाहीत?

या प्रश्नाने अर्थशास्त्रज्ञांनाही बराच काळ पछाडलं. जेरी हाउसमन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एसी खरेदीवरून काढलं की लोक उद्याची वीजबचत आजच्या पैशांत मोजताना २० टक्क्यांच्या आसपास व्याजदर धरल्यासारखे वागतात, आणि कमी उत्पन्नाची घरं त्याहून खूप जास्त. यात वेडेपणा नाही. ज्याला सावकाराकडून किंवा क्रेडिट कार्डावर उचल घ्यावी लागते, त्याच्यासाठी आजचे १,५०० रुपये खरोखरच जड असतात.

दुसरं कारण विश्वासाचं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांनी संकरित मका कसा स्वीकारला याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून आधीच मिळाली होती, पण निर्णय झाला तो शेजाऱ्याचं शेत पाहून. १९५७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ झ्वी ग्रिलिचेस यांनी त्याच मक्याच्या प्रसारात नफ्याचा हात दाखवला: जिथे नफा जास्त तिथे बियाणं लवकर पोचलं आणि झपाट्याने पसरलं. दोन्ही बरोबर आहेत. नफा वेग ठरवतो, शेजारी खात्री देतो. आपल्याकडे गल्लीतल्या पहिल्या सोलरवाल्याचं बिल दहा घरांत फिरतं ते उगाच नाही.

तिसरं कारण: पैसे एकाचे आणि फायदा दुसऱ्याचा. ते पुढच्या प्रश्नात.

१०. भाड्याच्या घरात राहतो. मालक काही बदलायला तयार नाही.

मालकाने तरी का बदलावं? पंखा त्याने घ्यायचा आणि बिल तुमचं कमी व्हायचं. यावर उपाय एकच: सोबत नेता येईल तेवढंच स्वतः घ्या. पंखा, दिवे आणि फ्रिज घर सोडताना नेता येतात. मालकाचा जुना पंखा माळ्यावर जपून ठेवा आणि जाताना परत लावा. एसीत मात्र काढणं, गॅस भरणं आणि पुन्हा बसवणं धरून दर बदलीला काही हजार जातात. ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने तो खर्च हिशोबात धरावा. सोलर आणि पार्किंगमधली वायरिंग भाडेकरूने स्वतःच्या पैशाने करू नये, निदान मालकाशी भाड्यातून वळती करण्याचं लेखी ठरल्याशिवाय नाही.

११. यूपीआय एवढं झपाट्याने पसरलं. बाकीच्या गोष्टी का रेंगाळतात?

पंख्याचा फायदा शेजाऱ्याकडे पंखा आहे की नाही यावर अवलंबून नसतो. पैसे पाठवण्याचा असतो. अशा वस्तूला दोन्ही बाजू एकदम लागतात: दुकानदार नसेल तर गिऱ्हाईक येत नाही, गिऱ्हाईक नसेल तर दुकानदार मशीन ठेवत नाही.

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं. नोव्हेंबरच्या नोटाबंदीने लोकांना तिकडे ढकललं हे खरं, पण तो धक्का पाकीटवाल्या (वॉलेट) ॲपनाही मिळाला होता. ती मागे पडली कारण त्या काळी एका ॲपमधले पैसे दुसऱ्यात जात नव्हते. यूपीआयला बँक कोणती आणि ॲप कोणतं याने फरक पडत नाही. दुकानदाराची बाजू तर जवळपास फुकटात सुटली: कार्ड मशीनला भाडं आणि व्यवहारामागे कपात, क्यूआर हा छापलेला कागद, आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क शून्य. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याचे व्यवहार १,००० कोटींच्या वर गेले.

उलटं उदाहरण मोबाइलचं. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, पण सुरुवातीची वर्षं येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मिस्ड कॉलची आपली भाषा त्याच काटकसरीच्या काळातली. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि छोटे रिचार्ज आले, तेव्हा मोबाइल रिक्षावाल्याच्या आणि भाजीवालीच्या हातात गेला.

१२. नवी वस्तू सर्वांत आधी घेणारे पहिले २.५ टक्के लोक, मग १३.५, मग ३४... ही टक्केवारी खरी असते का?

ते मोजमाप नाही, व्याख्या आहे. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये घंटेच्या आकाराचा आलेख धरून त्याचे ठरावीक तुकडे पाडले आणि त्यांना नावं दिली. बाकीचे आकडे ३४ आणि १६. कुठल्याही वस्तूला ही टक्केवारी लावून "आता बहुसंख्यांची पाळी आली" असं भाकीत करता येत नाही.

भाकितासाठी विपणनाचे अभ्यासक फ्रँक बास यांचं १९६९ चं गणित जास्त उपयोगी. त्यात दोन आकडे असतात: स्वतःहून घेणारे आणि पाहून घेणारे. अनेक वस्तूंवरची सरासरी अनुक्रमे ०.०३ आणि ०.३८ निघते. म्हणजे पहिल्या वर्षी शंभरातले ३ जण घेतात. निम्म्यांकडे वस्तू आल्यावर उरलेल्यांतले दरवर्षी शंभरात २२ जण घेतात, कारण आता शेजारी दिसतो आहे.

१३. कोणतं तंत्रज्ञान बुडणार, हे आधी ओळखता येतं का?

नेहमी नाही, पण तीन गोष्टी विचारून पाहाव्यात.

हेच काम तुमच्याकडे असलेली वस्तू लवकरच करू शकेल का? पेजर भारतात मोबाइलच्याच सुमारास आला आणि मोबाइलचे दर उतरताच संपला. ज्या कामासाठी तो कमरेला लावायचा, ते मोबाइलमधला एसएमएस करू लागला.

ही वस्तू दुसऱ्या कशावर जगते? थ्रीडी टीव्हीला थ्रीडी कार्यक्रम लागायचे. ते फारसे झालेच नाहीत, आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी असे टीव्ही बनवणं सोडलं.

जोडणी सगळ्यांची एक आहे का? स्कूटरच्या चार्जरबाबत हे आजही विचारावं लागतं. हलक्या वाहनांसाठीच्या एका देशी जोडणीला भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मान्यता दिली, तरी सगळ्या कंपन्या तीच वापरत नाहीत. घरी चार्ज करणाऱ्याला फरक पडत नाही. रोज बाहेर चार्ज करावं लागणाऱ्याने आपल्या रस्त्यावरचे चार्जर कोणत्या जोडणीचे आहेत ते खरेदीआधी पाहावं.

१४. "नो कॉस्ट ईएमआय" म्हणजे खरंच बिनव्याजी?

नाही. बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट आधीच देतो. २४,००० रुपयांची वस्तू, १२ हप्ते २,००० चे, व्याज १५ टक्के: बँकेच्या वहीत कर्ज सुमारे २२,१६० रुपयांचं असतं आणि व्याज १,८४०. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३३१ रुपये, तुम्हाला लागतो. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे ५६६ रुपये जास्त.

तरीही प्रश्न ९ मधल्या अडचणीवर हा वाईट उपाय नाही. हप्ता महिन्याच्या बचतीपेक्षा कमी असेल तर वस्तू स्वतःचं भाडं स्वतः भरते. फक्त एक विचारा: "रोख घेतलं तर किती सोडाल?" तिथे २,००० सुटत असतील तर तेच खरं व्याज. आणि १,५०० रुपयांच्या वस्तूला १९९ चं प्रक्रिया शुल्क म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

१५. इंडक्शन गॅसपेक्षा स्वस्त पडतं का?

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडी त्यातली साधारण ६५ टक्के भांड्याला देते, इंडक्शन ८५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर साधारण १४० युनिटांत होतं. सिलिंडरची किंमत भागिले १४० करा. ९०० रुपयांचा सिलिंडर असेल तर ६ रुपये ४० पैसे येतात. तुमच्या वरच्या टप्प्याचा दर याहून जास्त असेल तर गॅस स्वस्त.

अपवाद आहेत. वसतिगृहात किंवा एकट्याच्या खोलीत, जिथे वर्षाला दोनच सिलिंडर लागतात, तिथे इंडक्शन सोयीचं. छतावर सोलर आहे आणि मार्चअखेर युनिट उरतात, तिथे तर ते जवळपास फुकट. चालणारी भांडी लोखंडी बुडाची हवीत: लोहचुंबक चिकटला तर चालेल. ॲल्युमिनियमचं पातेलं आणि तांब्याचा तांब्या चालत नाहीत, आणि नव्या भांड्यांचा खर्च हिशोबात यायला हवा.

१६. पाच ताऱ्यांचाच एसी घ्यावा ना?

वापर मोजा. लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा तीन तारे आणि पाच ताऱ्यांच्या एसीत लेबलवर २४० युनिटांचा फरक आहे आणि भावात ८,००० चा. तुमचा एसी एप्रिल-मेमध्ये रात्री ८ तास, म्हणजे ४८० तास चालत असेल, तर खरा फरक ७२ युनिट. १२ रुपयांनी ८६४ रुपये, वसुलीला नऊ वर्षं. अशा घराला तीन तारे पुरतात. दुकान किंवा दवाखान्यात वर्षाला २,००० तास चालणाऱ्या एसीचा फरक ३०० युनिट होतो, ३,६०० रुपये, आणि पाच तारे सव्वादोन वर्षांत निघतात.

लेबलवरचा कालावधीही वाचा. निकष वेळोवेळी कडक होतात, जसे जुलै २०२२ मध्ये झाले. जुन्या साठ्यातला पाच तारे नव्या निकषात चारच असू शकतो. ताऱ्यांपेक्षा युनिटांचा आकडा पाहा.

१७. सगळं बदललं, तरी बिल कमी झालं नाही. का?

आधी तुलना बरोबर आहे का ते पाहा. मेची तुलना जानेवारीशी नको, मागच्या मेशी करा, आणि रुपयांऐवजी युनिट पाहा. दर वाढला असेल तर युनिट कमी होऊनही रक्कम तीच राहते.

युनिटच घटले नसतील तर वापर वाढला आहे. "याला वीज कमी लागते" म्हणून एसी दुपारीही लागतो, जिन्यातला दिवा रात्रभर राहतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये ब्रिटनच्या कोळशाबद्दल हेच लिहिलं होतं: इंजिनं काटकसरी झाली तसा कोळसा जास्तच जळू लागला. घरात सहसा सगळी बचत खाऊन टाकण्याइतकं होत नाही, पण प्रश्न १ मधली वर्षाची बचत पाचव्या हिश्श्याने कमी धरणं सुरक्षित. वाढलेला गारवा तुम्ही मुद्दाम घेतला असेल तर तो तोटा नाही, फक्त त्याला बचत म्हणू नका.

१८. विजेवरची स्कूटर सेकंड-हँड घ्यावी का?

पेट्रोलची स्कूटर हळूहळू झिजते. इथे भावाचा मोठा भाग एका बॅटरीत असतो. म्हणून आधी बॅटरीची वॉरंटी किती महिने, किती किलोमीटर उरली आणि ती नव्या मालकाच्या नावावर होते का, हे कंपनीच्या सेवा केंद्राकडून लेखी घ्या. पूर्ण चार्ज करून २० टक्के उरेपर्यंत स्वतः चालवा आणि मिळालेलं अंतर नवी असताना तेवढ्याच चार्जात मिळणाऱ्या खऱ्या अंतराशी ताडून पाहा. पाऊण भागाहून कमी असेल तर नव्या बॅटरीचा भाव विकणाऱ्याने मागितलेल्या रकमेतून वजा करून बोला. डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक झाले, त्याआधीची गाडी शक्यतो टाळा. कंपनी बंद पडली असेल किंवा तुमच्या जिल्ह्यात तिचं सेवा केंद्र उरलं नसेल, तर निम्म्या भावातही घेऊ नका. किलोमीटरचा हिशोब प्रश्न ५ प्रमाणेच, फक्त वसुलीचा काळ उरलेल्या वॉरंटीच्या आत बसला पाहिजे.